पन्नासची लेन्स आणि अक्काचं माजघर

"डोळ्यातली लेन्स बदलून झाली, आता कॅमेऱ्याची कशाला?" असं आमचे धाकटे दीर मला म्हणाले तेव्हा मी नुसती हसले. प्रश्न काही चुकीचा नव्हता. सत्तरी ओलांडलेली बाई, उभी नोकरी मराठी आणि इतिहास शिकवण्यात गेलेली, भिंगांशी संबंध मॅट्रिकला शास्त्राच्या पुस्तकात आला तेवढाच. तिने उठून लेन्सच्या मागे लागावं म्हणजे जरा अतीच.

पण मंडळी, कारण होतं. आमची आई १९८४ साली गेली. भिंतीवर लावायला फोटो शोधायला बसलो तर एकटीचा असा तिचा एकही फोटो सापडेना. कुणाच्या तरी लग्नातला घोळक्याचा एक होता. त्यात ती तिसऱ्या रांगेत, चेहरा वाटाण्याएवढा. स्टुडिओवाल्याने तो मोठा करून दिला. नाक आहे, कुंकू आहे, पण डोळे? डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके. चाळीस वर्षं झाली, मी त्या ठिपक्यांनाच नमस्कार करते. तेव्हापासून मनात होतं की अक्काचं असं होऊ द्यायचं नाही.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. माहेर साताऱ्याचं, दिली वाईला. कृष्णेच्या घाटापासून दोन गल्ल्या आत त्यांचा वाडा. साठाहून जास्त वर्षं तिने त्या वाड्यात काढली, आणि त्यातली निम्मी तरी माजघरात. ज्यांनी जुना वाडा पाहिलाय त्यांना माजघर सांगायला नको. मधलं दालन, बाहेरच्या भिंतीला खिडकी नाही, उजेड येणार तो ओसरीच्या दारातून, नाहीतर स्वयंपाकघरातून उधार. दुपारी बारालाही दिवा लावावा लागतो. उन्हाळ्यात मात्र असं गार, की पाहुणे आले की पहिली पथारी तिथेच पडायची.

२०२१ साली मुलाने नवा मिररलेस कॅमेरा घेतला आणि त्याचा जुना निकॉन डी५३०० माझ्या गळ्यात पडला. अक्षरशः गळ्यातच, पट्ट्यासकट. सोबत १८-५५ची लेन्स. कॅमेऱ्याबरोबर मिळते म्हणून हिला किट लेन्स म्हणतात. बाहेर उजेडात हिने मी जास्वंद काढली, मांजर काढलं, समोरच्या गच्चीवरचे कबुतरं काढली, आणि मला वाटलं, जमलं की! मग २०२२च्या दिवाळीत कॅमेरा घेऊन वाईला गेले.

अक्का तिच्या नेहमीच्या जागी बसली होती. भिंतीला टेकून, पाटावर, एक पाय लांब केलेला. मी लेन्स ५५वर नेली, चेहरा जवळ आणला आणि बटण दाबलं. कॅमेऱ्याने इतका वेळ घेतला, की मला वाटलं बिघडला. फोटोत अक्काच्या जागी एक जांभळट ढग. आकडे पाहिले तर शटर सेकंदाचा सहावा भाग उघडं राहिलेलं! तेवढ्यात माझे हात हलले, आणि अक्का तर बोलतच होती. आय.एस.ओ. १६०० होता, तो वाढवून ६४०० केला. ढग जरा कमी झाला, पण चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखे दाणे आले. शेवटी फ्लॅश टाकला. अक्काने डोळे मिटले आणि म्हणाली, "चिमे, वीज पडली की काय गं?" फोटोत तिचं कपाळ घासलेल्या पातेल्यासारखं चकाकत होतं.

(घरात मी चिमी. बाहेरच्यांनी लक्षात ठेवू नये.)

त्या दिवशी कंटाळून शेवटचे दोन-तीन फोटो मी वेगळे काढले. लेन्स मागे घेतली, २४वर, म्हणजे खोली जास्त दिसेल अशी. कॅमेरा पिठाच्या डब्यावर टेकवला आणि हात न लावता टायमरने काढले. तेही बिघडलेच. कॅमेरा हलला नाही, पण अक्का हलली. भिंत स्पष्ट, अक्का धूसर. पुसून टाकणार होते, पण पुसायचं कुठून ते तेव्हा नीट येत नव्हतं म्हणून राहिले.

पुण्याला परत आल्यावर आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना फोन केला. तेही निवृत्त. स्टाफरूममध्ये तीस वर्षं आम्ही 'भाषा मोठी की विज्ञान' यावर भांडलो होतो, त्यामुळे मी आपणहून प्रकाश विचारतेय म्हटल्यावर त्यांना गुदगुल्या झाल्या. त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगते.

लेन्सवर दोन आकडे महत्त्वाचे. एक नाभीय अंतर, मिलिमीटरमध्ये. हा आकडा मोठा तसा समोरचा माणूस जवळ दिसतो आणि बाजूचं जग चौकटीबाहेर जातं. दुसरा आकडा एफ/ असा लिहितात, म्हणजे चक्क भागाकार. नाभीय अंतराला या आकड्याने भागलं की भिंगाच्या भोकाचा व्यास येतो. माझी किट लेन्स ५५वर जास्तीत जास्त एफ/५.६पर्यंतच उघडते. ५५ भागिले ५.६, म्हणजे जेमतेम दहा मिलिमीटरचं भोक. पन्नासची एफ/१.८ लेन्स घेतली तर ५० भागिले १.८, जवळजवळ अठ्ठावीस मिलिमीटर! म्हणून आकडा लहान तितकं भोक मोठं, हे आधी डोक्यात उलटंपालटं करून घ्यावं लागतं.

"किट लेन्सच्या ५.६च्या जागी १.८ आलं की उजेड किती पट?" सरांनी विचारलं. मी म्हटलं, तिप्पट. "चुकलं बाई! वर्ग करा, क्षेत्रफळाचा प्रश्न आहे. साडेनऊ पटींहून जास्त." म्हणजे जिथे सेकंदाचा सहावा भाग लागत होता तिथे साठावा भाग पुरणार. साठाव्या भागात शांत बसलेली अक्का पकडता येते. झालं, माझं ठरलं, एफ/१.८.

आता आली का पंचाईत! एफ/१.८मध्येही तीन लेन्स समोर. ३५, ५० आणि ८५. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान, त्यामुळे दृश्य दीडपट जवळ येतं. म्हणजे ३५ वागते साधारण ५२सारखी, ५० वागते ७५सारखी आणि ८५ जाते पार १२७वर. चेहऱ्यासाठी ८५ घ्या, असं जो तो सांगत होता. कारणही पटण्यासारखं. फार जवळ जाऊन फोटो काढला की नाक मोठं आणि कान लहान दिसतात. हा दोष खरं तर लेन्सचा नसून अंतराचा. ८५ लावली की आपोआपच लांब उभं राहावं लागतं आणि चेहरा आपल्याला दिसतो तसा येतो.

पण मी मास्तरीण. वहीत गणित मांडलं. बसलेल्या माणसाचा कमरेपर्यंतचा फोटो हवा तर ८५ने अकरा फूट लांब जावं लागतं, ५०ने साडेसहा-सात आणि ३५ने साडेचार-पाच. अक्काचं माजघर दहा फुटी. ८५ घेऊन मी अक्काकडे पाठ करून स्वयंपाकघरात पोचले असते! शिवाय ती जड आणि तिघींत महाग. ३५ला फार जवळ जावं लागेल अशी भीती घातली गेली होती. म्हणून पन्नास.

खरेदीत एक फजिती झाली, ती सांगायलाच हवी. स्वस्तात मिळते म्हणून मी आधी जुन्या पद्धतीची, 'डी' प्रकारची पन्नासची लेन्स आणली. घरी लावली तर फोकस होईचना. या लेन्समध्ये फोकस फिरवायची मोटर नसते, ती कॅमेऱ्यात असावी लागते, आणि माझ्या डी५३००मध्ये ती नाही. हाताने चाक फिरवून फोकस करता येतो, पण मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांना हे कसलं झेपतंय! दुकानदार भला, बदलून 'जी' प्रकारची दिली. तेव्हा घेणाऱ्यांनी आपल्या कॅमेऱ्यात मोटर आहे की नाही ते आधी विचारावं.

फेब्रुवारी २०२३मध्ये पुन्हा वाईला. या वेळी मी तयारीने गेले होते. एक धडा मी चांगलाच पाठ केला होता. मागचं धूसर हवं असेल तर भोक मोठं ठेवा, माणसाच्या जवळ जा आणि माणसाला भिंतीपासून लांब बसवा. म्हणून मी अक्काला तिच्या जागेवरून उठवलं आणि ओसरीच्या दारात उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसवलं. चेहऱ्यावर ओसरीचा मऊ उजेड, मागे आठ फुटांवर माजघराची भिंत. अक्का म्हणाली, "इथं कुठं बसवतेस? इथं वारं लागतं." मी म्हटलं, पाचच मिनिटं.

पहिले पंधरा-वीस फोटो वाया गेले. एफ/१.८वर चार फुटांवरून फोटो काढला तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम चार सेंटिमीटर जाडीचा असतो. दोन-अडीच बोटं म्हणा. नाकावर फोकस गेला की डोळे गेले, चष्म्याच्या काडीवर गेला की सगळंच गेलं. मग शिकले, जवळचा डोळा धरायचा, आणि धरल्यावर आपण पुढेमागे डुलायचं नाही.

आणि मग तो फोटो आला. काय सांगू! डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या एकेक मोजाव्यात, भुवईतला पांढरा केस, नाकातली चमकी, आणि डोळ्यांत ओसरीचं दार एवढंसं चौकोनी उमटलेलं. मागे सगळं सायीसारखं मऊ. माजघरातला दिवा लावलेला होता, त्याच्या उजेडात फळीवरची पितळेची भांडी सोनेरी गोल गोल थेंब होऊन तरंगत होती. मी ओसरीतच बसकण मारली. आईचे डोळे राहिले होते, अक्काचे मिळाले.

या मागच्या धूसरपणाला फोटोग्राफर मंडळी 'बोके' म्हणतात. मी आधी ऐकलं तेव्हा आमच्या गल्लीतले दोन बोके डोळ्यांसमोर आले. शब्द जपानी आहे. १९९७ साली एका अमेरिकन मासिकाने तो इंग्रजीत रुळवला. धूसरपणा मात्र जुनाच. १८३९ साली पॅरिसमध्ये फोटोचं तंत्र जाहीर झालं तेव्हा माणसाला कित्येक मिनिटं पुतळ्यासारखं बसावं लागे. दुसऱ्याच वर्षी, १८४०मध्ये, व्हिएन्नातल्या जोसेफ पेट्झवाल नावाच्या गणिताच्या प्राध्यापकाने खास चेहऱ्यांसाठी भिंग आखलं, साधारण एफ/३.६चं. त्याआधीच्या भिंगांपेक्षा कितीतरी पट उजेड त्यातून येई. त्या भिंगाचा मधला भाग लख्ख आणि कडा धूसर. म्हणजे उजेडासाठी भोक मोठं केलं, की मागचं आणि कडेचं पुसट होणं ओघाने आलंच. उजेडाची किंमतच ती. आपण मात्र पुढे त्या किमतीलाच दागिना मानलं.

इतकं, की आता फोनसुद्धा ते करतो. फोनचं भिंग इवलंसं, त्याला खरा धूसरपणा जमत नाही. म्हणून तो आधी माणूस कुठे संपतो ते हिशोबाने ठरवतो आणि उरलेलं पुसतो. आयफोनमध्ये हे २०१६ साली आलं. माझ्या नातीने तिच्या फोनवर अक्काचा असा एक फोटो काढला होता. त्यात फोनने अक्काच्या कानातली अर्धी कुडीच खाल्ली.

असो. माझा फोटो सगळ्यांना आवडला. बारा बाय अठराची प्रत काढली, लाकडी चौकट केली. त्या दिवशी मी एफ/१.८वर दोनशेहून जास्त फोटो काढले होते. एकाही फोटोत मी भोक लहान केलं नाही. इतकं सुंदर मिळत असताना कोण कशाला करील?

२०२३चा पावसाळा संपताना अक्का पुण्याला मुलाकडे आली. वाडा तिच्या एकटीच्याने निभेना, वरचा मजला गळायला लागला होता. भाच्याची चूक नाही, तो तरी किती वर्षं हेलपाटे घालणार. २०२४च्या सुरुवातीला वाडा पाडला.

अक्काचा विसरभोळेपणा आधीपासून होता. गॅस, किल्ल्या, आज वार कोणता. पण वाड्यात तो भागून जायचा. अंधारातही हात बरोबर कडीवर पडायचा. पुण्यात आल्यावर तो एकदम वाढला. सकाळी उठून स्वयंपाकघर समजून कपाटाचं दार उघडायची. डॉक्टर म्हणाले, वयोमानाने होतं, आणि जागा बदलली की जास्त जाणवतं. जपानीत 'बोके' याच उच्चाराचा शब्द म्हातारपणी येणाऱ्या या विसरण्यालाही वापरतात, हे मी नंतर वाचलं. वाचून पुस्तक मिटलं.

अक्काला वाड्याची आठवण येते म्हणून मी तो चौकटीतला फोटो नेऊन तिच्या खाटेसमोर लावला. तिने बराच वेळ पाहिला.

"ही मी," ती म्हणाली.

"हो, अक्का."

"बसलेय कुठं?"

"अगं, माजघराच्या दारात. वाईला."

तिने चष्मा पुसला, जवळ गेली, पुन्हा पाहिलं. "माजघर कुठाय यात?"

मीही पाहिलं. खरंच नव्हतं. तपकिरी साय होती, सोनेरी थेंब होते. ज्या भांड्यांचे ते थेंब झाले होते ती तिने साठ वर्षं चिंच लावून घासली होती. अक्का म्हणाली, "कुणाच्या तरी घरी बसवलंय मला." आणि खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली.

पोटात खड्डा पडणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. घरी येऊन रात्री एक वाजेपर्यंत दोनशे फोटो उलटेसुलटे पाहिले. सगळे सुंदर. वाडा मात्र एकातही नाही. पाडून वर्षसुद्धा झालं नव्हतं, आणि पाडायच्या वर्षभर आधीच मी तो माझ्या हाताने पुसून ठेवला होता, चांगले पैसे मोजून.

मग ते दिवाळीतले बिघडलेले फोटो आठवले. पिठाच्या डब्यावरून काढलेले. २४ मिलिमीटर, एफ/४. आकडा मोठा, म्हणजे भोक लहान. खोली स्पष्ट, अक्का हललेली. त्यातला एक साध्या पोस्टकार्डाएवढ्या कागदावर छापून घेतला आणि बिचकतच तिच्या हातात दिला. हिच्यात तर ती स्वतःच ओळखू येत नव्हती.

अक्का उठून बसली. बोट ठेवत ठेवत वाचल्यासारखी बोलायला लागली. "हा कोनाडा. ही चिमणी, हिची काच तू फोडलीस. ही खुंटी, यांची काठी. ही लोणच्याची बरणी, हिच्यामागं मी पैसे ठेवायची, यांना कधी कळलं नाही." तारखेचं कॅलेंडर, फडताळाचं तुटलेलं बिजागर, भिंतीला तेलकट डाग. ओळीने सगळं. शेवटी बोट त्या धूसर ढगावर आलं. "आणि ही मी. बसलेय की माझ्या जागेवर. बोलत असणार."

मी काही बोलले नाही. बोलता येण्यासारखं नव्हतंच.

अक्काचा आणखी एक फोटो घरात आहे, १९६० सालचा, मुलाकडच्यांना दाखवायला काढलेला. साताऱ्याच्या स्टुडिओत, मी नऊ वर्षांची सोबत गेले होते. मागे रंगवलेला पडदा, त्यावर संगमरवरी खांब आणि कारंजं. आमचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर मागे कसं दाखवणार? तोही फोटो अक्काला दाखवला. मला वाटलं, खोटाच पडदा, ती कशी ओळखेल? तिने एका क्षणात ओळखला. "स्टुडिओतला पडदा. खाली उंदरानं कुरतडलेला होता, तिथं त्यांनी कुंडी ठेवली." पाहिलं तर कुंडी होती!

यानंतर मी फोटोंकडे निराळ्या नजरेने पाहायला लागले. गौतम राजाध्यक्षांचं 'फेसेस' हे १९९७ सालचं पुस्तक वाचनालयात पाहिलं होतं. तिथे चेहऱ्यांवरच नजर खिळते, आणि ज्यांचे चेहरे सगळा देश ओळखतो त्यांना मागे घराची काय गरज? उलट आर्नल्ड न्यूमन नावाचे अमेरिकन छायाचित्रकार माणसाला त्याच्या कामाच्या वस्तूंसकट काढायचे. स्ट्राविन्स्की या संगीतकाराचा १९४६ साली त्यांनी काढलेला फोटो प्रसिद्ध आहे. संगीतकार खालच्या कोपऱ्यात छोटासा, आणि फोटोभर पियानोचं उघडं झाकण. दोन्ही रीती मोठ्याच. पण आपण ज्याचा फोटो काढतोय त्या माणसाला कोणती हवी, हे मी अक्काला विचारलंच नव्हतं. तिने तर सांगितलंही होतं, इथं वारं लागतं म्हणून.

तर आता कुणी मला विचारलं की माणसांच्या फोटोसाठी कोणती लेन्स घेऊ, तर मी काय सांगते? किट लेन्स आहे ना, आधी तिने आठ दिवस फोटो काढा आणि तुमचे बहुतेक फोटो कोणत्या आकड्यावर निघतात ते पाहा. मोकळी जागा असेल आणि फक्त चेहरा हवा असेल तर ८५ उत्तमच. मध्यम खोलीत ५०. आपल्याकडच्या लहान खोल्यांत, माणूस आणि त्याचं घर दोन्ही हवं असेल तर ३५. मी गेल्या वर्षी ३५ची एफ/१.८ घेतली. दोनशे ग्रॅमची, पर्समध्ये मावते. तिची भीती उगीच घातली होती. कमरेपर्यंतच फोटो काढला, फार पुढे घुसलं नाही, तर नाक नाकाएवढंच येतं.

आणि मोठं भोक आहे म्हणून ते सतत उघडंच ठेवायचं असं नाही. एफ/१.८वरून एफ/४वर आलं की उजेड पाचपट कमी होतो हे खरं. सेकंदाच्या साठाव्या भागाच्या जागी बारावा भाग लागतो. मग कॅमेरा स्टँडवर ठेवायचा, खिडकी-दार उघडायचं, आय.एस.ओ. वाढवायचा. दाणे आले तर येऊ देत, दाण्यांतून घर दिसतं. फक्त एक लक्षात ठेवा, स्टँडमुळे आपला हात हलत नाही, समोरचा माणूस हलतोच. म्हणून त्याला बोलू द्यायचं, आणि ऐकायला थांबला की बटण दाबायचं. ३५ने एफ/४वर पाच फुटांवरून जवळजवळ फूटभर जाडीचा पट्टा स्पष्ट येतो. भिंतीला टेकून बसलेल्या माणसाला आणि त्याच्या भिंतीला तेवढा पुरतो. नंतर हौस म्हणून एक एफ/१.८वर काढा. डोळ्यांसाठी. मीही काढतेच.

पुण्यातल्या खोलीत चौकटीतला मोठा फोटो अजून आहे. येणारे-जाणारे त्याचंच कौतुक करतात. पोस्टकार्डाएवढा अक्काच्या उशाशी असतो, कडा मऊ पडल्यात. त्याची आणखी एक प्रत मी काढून ठेवलीय. गेल्या रविवारी गेले होते. माझं नाव तिला पटकन आठवलं नाही, मी आठवू दिलं. संध्याकाळ झाली तशी तिने फोटो हातात घेतला, त्यातल्या मागच्या दारावर बोट ठेवलं आणि विचारलं, "कडी लावलीस का गं, चिमे?"

मी म्हटलं, "लावली, अक्का."

बाकी नातेवाईक मंडळी, विशेषतः सत्तरीच्या पुढची, तुमच्यासाठी सूचना. ३५ची लेन्स आणि स्टँड घेऊन मी एकेकाकडे येणार आहे. तुम्ही रोज बसता तिथेच बसायचं. आणि मी येणार म्हणून कृपा करून घर आवरून ठेवू नका.